त्या जेवणात मी लामना काय सांगितलं

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलीला नाही, बहिणीलाही नाही. एकदा उपवनच्या तळ्याकाठी सकाळी फिरताना मैत्रिणीला सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि मला इतकं हायसं वाटलं, की पुन्हा मी तो विषय तिच्याजवळ कधी काढला नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा — जाऊ दे. कारणं शोधत बसले तर मी परत बगल देईन. मला ते चांगलं जमतं.

मी काय करते ते आधी सांगते. भारत आणि व्हिएतनाम या दोन देशांतल्या उद्योजकांचं एक चेंबर आहे, आमचं, ठाण्यात. मी त्याची सेक्रेटरी जनरल. वर्तकनगरमधल्या माझ्या घरापासून ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आहे. आत शिरलं की समोर दोन देशांचे झेंडे, उजवीकडे मीटिंगची मोठी खोली, डावीकडे माझी केबिन. मिरीवाले, काजूवाले, औषध कंपन्या, टाइल्सवाले, टूरवाले — सगळे आमचे सभासद. थेट विमानं सुरू झाल्यापासून तर रीघच लागली आहे. शनिवारी भाषेचे वर्ग असतात. चेंबर कसं वाढलं यावर मी भाषणं देते. बऱ्याच ठिकाणी दिली आहेत. त्या भाषणांत एक जागा आहे, तिथे आले की मी पाणी पिते. कुणाच्या लक्षात येत नाही.

मोघेकाकांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चेंबर त्यांनी सुरू केलं. डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला, एमआयडीसीत, त्यांचा कापडाचे रंग बनवायचा छोटा कारखाना होता. तिथे रिक्षातून उतरलं की आधी नाकाला कळायचं. त्यांचा माल व्हिएतनामला जायचा, सायगावजवळच्या कापड रंगवायच्या एका मिलमध्ये. एकदा रंगाची छटा चुकली आणि मिलचे मालक, श्री. लाम, कापडाचे दोन तुकडे खिशात घालून स्वतः डोंबिवलीत आले. भांडायच्या तयारीनेच आले होते. काकांनी ते तुकडे खिडकीपाशी नेले, उजेडात धरले आणि म्हणाले, "यांना सांग, चूक माझी आहे. सगळा माल बदलून देतो."

"यांना सांग" हे मला उद्देशून होतं. कारण मधे मी होते.

माझ्या नवऱ्याची बदली सायगावला झाली होती, तेव्हा आम्ही काही वर्षं तिथे राहिलो. भाषा मी बाजारात शिकले, शेजारणीकडून शिकले, मग एका बाईंकडे रीतसर शिकले. परत डोंबिवलीत आलो तेव्हा त्या भाषेचं करायचं काय, हा प्रश्नच होता. मोघेकाकू माझ्या आईच्या भिशीत, मला लहानपणापासून ओळखणाऱ्या. त्यांच्याकडून काकांना कळलं आणि मी दुभाषी झाले.

लामना एका मिनिटात कबूल केलेली ती चूक इतकी आवडली, की ते आणखी चार दिवस राहिले. त्या चार दिवसांत या दोघांचं असं काही जुळलं, की मी बघतच राहिले. काकांना त्यांची भाषा येत नव्हती, लामना इंग्रजीसुद्धा येत नव्हतं. जे काही होतं ते माझ्यातून जात होतं. काकूंच्या हातचं वालाचं बिरडं लामना भारी आवडलं. जेवताना ते आपल्या पानातलं नव्हे, भांड्यातलं, पण आपल्या चमच्याने उचलून आधी काकांच्या ताटात वाढायचे — त्यांच्याकडे ती मायेची रीत. काकू पहिल्यांदा दचकल्या होत्या. नंतर त्याच म्हणायच्या, "भावोजी वाढतायत ना, घ्या की."

इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. व्हिएतनामी भाषेत नुसतं 'तू' आणि 'मी' चालत नाही. समोरचा आपला कोण लागतो ते ठरवायचं आणि त्या नात्याने बोलायचं. आपण अनोळखी माणसाला दादा, काका म्हणतो ना, तसं — पण तिथे प्रत्येक वाक्यात. 'आन' म्हणजे थोरला भाऊ. 'एम' म्हणजे धाकटं भावंड. लाम वयाने थोडे मोठे, म्हणून काका त्यांना 'आन लाम' म्हणायला शिकले. तेवढाच एक शब्द काकांना यायचा आणि तो ते वारंवार वापरायचे. लाम त्यांना हसून 'एम' म्हणायचे. आणि ज्याच्याशी नातं नाही, अंतर राखायचं आहे, त्याच्यासाठी 'ओंग'. आदराचाच शब्द आहे. पण काल ज्याला भाऊ म्हटलं त्याला आज 'ओंग' म्हटलं, तर ते दार लावून घेण्यासारखं आहे.

तर त्या दोस्तीतून चेंबर निघालं. इकडे काका अध्यक्ष, तिकडे लाम. कारखान्याच्या माडीवरच्या खोलीत बैठका व्हायच्या. सगळे सभासद एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावायचे — एकदा खरंच तसे गेलो होतो, अंबरनाथला कुणाचा तरी कारखाना बघायला. मी प्रत्येक बैठकीला असायचे. प्रत्येक दौऱ्याला. काका माझी ओळख करून द्यायचे, "ही अनघा. आमचा स्पीकरफोन." सगळे हसायचे. मीही हसायचे. माझ्यावर त्यांची मुलीसारखी माया होती, हे खोटं नाही. माझ्या आईच्या आजारपणात हॉस्पिटलला रोज डबा त्यांच्या घरून यायचा. पण स्पीकरफोन. वर्षानुवर्षं स्पीकरफोन. तुम्हाला कुणी असं म्हटलं असतं तर? — नाही, हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. सांगताना तसं होतंय खरं.

मग चेंबर वाढायला लागलं. ठाण्याचे लोक आले, नवी मुंबईचे आले. टूरचा धंदा असलेले देवस्थळी आले — तरुण, हुशार, बोलण्यात चटपटीत. त्यांना आणि इतर नव्या मंडळींना ऑफिस ठाण्यात हवं होतं, पगारी माणसं हवी होती, वेग हवा होता. आणि काकांचा वेग कसा? कुणी सभासद व्हायचं म्हटलं की काका स्वतः त्याच्या कारखान्यावर नाहीतर दुकानावर जाऊन बसणार. चहा पिणार, चार गप्पा मारणार, आणि मग हो की नाही ते सांगणार. आंबिवलीच्या एका मसालेवाल्याने तर वाट बघून नाद सोडला होता. देवस्थळी चुकीचं बोलत नव्हते, हे मला आजही वाटतं. काका म्हणायचे, "लामना मी शब्द देतो, तो माणूस बघून देतो." तेही चुकीचं नव्हतं.

देवस्थळी एकदा मला म्हणाले, "अनघाताई, परवा मी बोललेलो कमिटीत. ऑफिस ठाण्यात आलं की सेक्रेटरी जनरल तुम्हीच. अजून किती दिवस नुसतं भाषांतर करणार?"

एवढंच. नीट ऐका — एवढंच म्हणाले ते. पुढे जे मी केलं ते करायला त्यांनी सुचवलं नाही. कुणीच सुचवलं नाही. त्यांना आजही माहीत नाही.

नव्या अध्यक्षाची निवड होती. नियम असा, की दोन्ही बाजूंची संमती लागायची. देवस्थळींनी नाव दिलं होतं. काकांनीही. आणि लाम मुद्दाम त्यासाठी आले होते. ठाण्यातल्या हॉटेलात दुसऱ्या दिवशी सभा होती, आणि आदल्या दुपारी काकूंनी त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. टेबलाशी आम्ही तिघंच. काकू आत-बाहेर करत होत्या. वालाचं बिरडं होतं, मसालेभात होता, कोकमाचं सार होतं.

लाम नेहमीसारखे काकांच्या ताटात वाढत होते. वाढता वाढता थांबले आणि म्हणाले, "एम, मला खरं सांग. तुला अजून राहायचंय का? तसं असेल तर उद्या मी उभा राहीन आणि सांगेन, की माझा भाऊ असेल तर आम्ही आहोत. माझं तिकडे कुणी मोडणार नाही. दमला असशील तर तेही सांग."

हे मी काकांना अगदी बरोबर सांगितलं. शब्दाला शब्द.

काका भात कालवत राहिले. मग लामकडे बघून म्हणाले, "आन लाम. मला अजून दोन वर्षं हवी आहेत. हे लोक चांगले आहेत, पण घाईत आहेत. दोन वर्षांत सगळं नीट लावून देतो आणि स्वतःहून बाजूला होतो. पण हे मी उद्या सभेत मागणार नाही, मला ते जमणार नाही. तू बोललास तर बरं होईल." आणि माझ्याकडे वळून, "सांग गं त्यांना. नीट सांग."

मी काय केलं असेल?

मला आठवतं, मी आधी साराची वाटी उचलली होती. एक घोट घेतला. म्हणजे वेळ होता. तोंडातून निसटलं, घाईत चुकलं, असं काही झालं नाही. मी घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि व्हिएतनामीत म्हणाले — "ओंग लाम, श्री. मोघे म्हणतात, हा आमच्या बाजूचा अंतर्गत विषय आहे. तो आम्ही इकडेच ठरवू. आपण त्यात तसदी घेऊ नये."

ओंग. मी तो शब्द निवडला.

लामांचा हात थांबला. काका त्यांच्याकडे बघून हसत होते — उत्तराची वाट बघत, विश्वासाने. लामना तो हसरा चेहरा दिसला असणार आणि कानात माझं वाक्य. त्या माणसाने त्याचा काय अर्थ लावला असेल? ते खूप हळू म्हणाले, "मी जरा जास्तच विचारलं. माफ करा."

काका म्हणाले, "काय म्हणतायत?"

इथेही थांबता आलं असतं. इथे सगळं परत फिरवता आलं असतं — चुकले मी, काका, शब्द चुकला, परत सांगते. किती सोपं होतं. मी म्हणाले, "त्यांच्या लोकांना बदल हवाय, काका. त्यांना बोलता येणार नाही म्हणतात."

काकांनी "बरं" म्हटलं. मग भाताचं भांडं पुढे केलं आणि लामना वाढायला लागले. लामांनी ताटावर हात आडवा धरला. जेवण अर्धं टाकून उठले. काकू आतून आल्या आणि मला विचारायला लागल्या, तिखट झालं का गं?

दुसऱ्या दिवशी सभेत कुणी बोलायच्या आधीच काका उभे राहिले, स्वतःचं नाव मागे घेतलं आणि देवस्थळींचं सुचवलं. छान बोलले. लामांनी सगळ्यांच्या मागून टाळ्या वाजवल्या. दरवेळी लामना विमानतळावर सोडायला काका यायचे. त्या वेळी मी एकटीच गेले. गाडीत पूर्ण वेळ लाम खिडकीतून बाहेर बघत होते. आत जाण्याआधी त्यांनी मागे, आम्ही आलो त्या बाजूला, जरा पाहिलं आणि मला म्हणाले, "ओंग मोघेंना माझा नमस्कार सांगा." आता त्यांनीही शब्द बदलला होता.

तो नमस्कार मी सांगितला नाही.

पुढचं सगळं मी भाषणांत सांगते ते खरं आहे. ऑफिस ठाण्यात आलं, सभासद वाढले, तिकडच्या तीन शहरांत आमची माणसं बसली. कदाचित तरीही वाढलं असतं — दोन वर्षं उशिरा, काकांच्या हातून. मला केबिन मिळाली. लोक मॅडम म्हणायला लागले. काकांना दर वर्धापनदिनी शाल-श्रीफळ द्यायचो. पहिली दोन-तीन वर्षं ते आले, मग गुडघे दुखतात म्हणाले. कारखाना मुलाने विकून टाकला. मला भेटले की तसेच — "अगं अनघा, बारीक झालीस." लामचं नाव ते काढायचे नाहीत. आणि मी? व्हिएतनामला गेले की लामना भेटणं टाळायचे. एकदा एका समारंभात समोरासमोर आलो. त्यांनी विचारलं, "ते बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. त्यांना आणखी काही विचारायचं होतं, ते उभेच राहिले होते. मी कुणीतरी हाक मारल्यासारखं केलं आणि वळले.

कोविडनंतर लाम गेले. काकांना मीच फोनवर कळवलं. "अच्छा," म्हणाले. आणि फोन काकूंकडे दिला.

हे सगळं एकदाच घडलं असतं तर कदाचित मी अजूनही गप्प बसले असते. पण लामांची मुलगी आली. लिन. वडिलांनंतर मिल तीच बघते. आमच्या एका कार्यक्रमाला ठाण्यात आली आणि मला म्हणाली, मला मोघेंना भेटायचंय. तिला इंग्रजी येतं. काकांनाही येत होतं. म्हणजे माझी गरज नव्हती. तरी तिला डोंबिवलीला मीच घेऊन गेले — का? त्यांना दोघांना एकटं सोडायची माझी छाती नव्हती, म्हणून.

तेच घर, तेच टेबल. काकू आता काठी घेऊन चालत होत्या. लिनने दोघांना वाकून नमस्कार केला. थोडा वेळ मिलबद्दल, लामांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलणं झालं. मग तिने सरळ विचारलं, तुम्ही माझ्या बाबांवर का रागावला होता? ते शेवटपर्यंत म्हणायचे, मी धाकट्या भावाला काहीतरी जास्त विचारलं, त्याला ते आवडलं नाही.

काका गोंधळले. "मी? मी कुठे रागावलो? त्यांनाच माझ्यासाठी बोलायचं नव्हतं."

लिन म्हणाली, नाही, ते तर बोलायलाच आले होते.

काकू म्हणाल्या, "त्या दिवशी ते जेवण टाकून उठले होते. मी तेव्हाच म्हटलं होतं, काहीतरी बिनसलंय."

मग काका माझ्याकडे वळले. रागाने नाही. एखादी गोष्ट कुठे ठेवली हे विचारावं, तसं त्यांनी विचारलं. "अनघा, त्या दिवशी ते नक्की काय म्हणाले होते गं?"

तिघं माझ्याकडे बघत होते. लामना आता काही सांगता येणार नव्हतं, पण काका समोर होते. त्यांना मिळू शकत होतं ते — आपला भाऊ आपल्यासाठी उभा राहणार होता, एवढंच. एका वाक्यात मिळू शकत होतं.

मी म्हणाले, "काका, किती वर्षं झाली. मला आता आठवत नाही."

मला आठवत होतं. त्यांचं, लामांचं, माझं. सगळं.

काका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग लिनकडे वळून इंग्रजीत म्हणाले, भाषेचा काहीतरी घोळ झाला असेल बेटा, आम्हा दोघा म्हाताऱ्यांना एकमेकांची भाषाच येत नव्हती. आणि काकूंना म्हणाले, हिला ते बिरडं खाऊ घाल, हिच्या बाबांना आवडायचं.

चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. लिनचा नंबर हवा होता. "तुम्ही मला पाठवू शकाल का?" म्हणाले. मी आधी मागे वळून बघितलं, खोलीत दुसरं कुणी आहे का. मी त्यांच्या समोर लहानाची मोठी झालेली. त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्यानंतर जेव्हा जेव्हा बोललो, तेव्हा 'तुम्ही'च. आवाज तोच, चौकशी तीच. तब्येत कशी आहे तुमची. मी त्यांना अहो-जाहो नका करू म्हणायचं धाडस केलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

लिन आणि काका दर रविवारी बोलायचे. काकू सांगायच्या, तासभर चालतं, हसतात काय, वाद घालतात काय. रंगांबद्दल बोलायचे. तिच्या मिलमध्ये एक निळा काही केल्या बसत नव्हता, तो काकांनी फोनवरून बसवून दिला म्हणे. वर्ष-दीड वर्ष हे चाललं. मग काका झोपेतच गेले.

शोकसभा चेंबरच्या मोठ्या खोलीत झाली. प्रास्ताविक मी केलं. संस्थापक, द्रष्टे, पितृतुल्य — सगळे शब्द वापरले, आणि एकही खोटा नव्हता. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सभा संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला, थोपटला. त्यांना काकांनी काही सांगितलं होतं का? माहीत नाही. लिनला सांगितलं होतं का? तेही माहीत नाही.

परवा व्हिएतनामी नवीन वर्ष झालं. लिनचा फोन आला, दरवर्षी येतो. ती मला 'को' म्हणते. को म्हणजे आत्या — वडिलांची धाकटी बहीण. हे तिने आपणहून ठरवलंय. मी तिला थांबवलेलं नाही. ती म्हणते, को, तब्येत कशी आहे, आणि मी म्हणते, बरी आहे बाळा, तू कशी आहेस.